ओढ्यावरची साबणाची बाटली

प्रेस्टनने गुडघ्यांना पट्टे बांधले, तिथेच डार्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरशी बसवणारे कारागीर बांधतात तसले जाड काळे पट्टे. डोक्यावर कोरी करकरीत टोपी, गळ्यात भिंग, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडात. हा माणूस फीनिक्समध्ये लोकांच्या अंगणात गरम पाण्याचे टब बसवून देतो, आणि आता ओरेगनच्या डोंगरात येऊन लेम म्यूल ओढ्यातून सोनं काढणार म्हणे. का, तर गेल्या हिवाळ्यात त्याने डार्लाच्या धाकट्या बहिणीशी, जोनेलशी, लग्न केलं.

"मी व्हिडिओ बघून आलोय," तो म्हणाला. "ढीगभर बघितले."

"मग तुम्हीच आम्हाला शिकवा," डार्ला म्हणाली.

तो मनापासून हसला. टोमणा त्याच्या टोपीवरून निघून गेला. हेच तिला सहन होत नव्हतं. माणूस वाईट असता, तर तोंडावर चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण हा बाप्या आल्याआल्या तिच्या हातातला लाकडांचा भारा काढून घेतो, तिने केलेल्या बेचव घेवड्यांना छान म्हणतो, आणि वर विचारतो, "तुम्ही दमला नाहीत ना?" दमली होती ती. त्याला बघून दमली होती.

जोनेल खुर्ची उघडून सावलीत बसली होती. लहानपणीही ती अशीच बसायची. पाण्यात हात घातला तर तिची नखं खराब व्हायची. बापाला आणि ह्या ओढ्याला तिने अठराव्या वर्षी रामराम ठोकला, ती थेट आता उगवली होती.

"लपवून काय ठेवायचं," ती डार्लाला म्हणाली. "प्रेस्टनने रंग काढला की ओढ्याचा अर्धा वाटा आमचा. आणि आम्ही तो विकणार. फीनिक्समध्ये गिऱ्हाईक आहे. त्याला अर्धा नको, अख्खा हवाय. तेव्हा तूही विचार कर, ताईसाहेब."

"बाबा जिवंत आहेत अजून."

"म्हणून तर आत्ता आले."

ओढ्याच्या ह्या तुकड्याचा पट्टा, म्हणजे इथली वाळू धुण्याचा सरकारी हक्क, स्टिडहम घराण्याकडे तीन पिढ्या होता. चार कोपऱ्यांना चार खुंट, मध्ये वाहतं पाणी आणि दोन्ही काठांना गोट्यांचे ढीग. त्यातून कुणी श्रीमंत झालं नाही. पेट्रोलचा खर्चसुद्धा निघत नसे. पण घराची एक रीत होती. पट्ट्यावर नाव चढवायचं, तर म्हाताऱ्या ऑरिनच्या, म्हणजे डार्लाच्या बाबांच्या, समोर बसायचं, त्याच्या लोखंडी परातीत ओढ्याची वाळू धुवायची आणि आपल्या हाताने रंग काढून दाखवायचा. रंग म्हणजे सोन्याचा कण. ओढ्यावर सोनं असा शब्द कुणी उच्चारत नसे. तीन पराती मिळायच्या. नवरा-बायकोपैकी एकाने काढला की दोघांचं नाव चढायचं. आईने लग्नाच्या वर्षीच काढला होता, डार्लाने नऊ वर्षांची असताना. डार्लाच्या नवऱ्यानेही काढला होता. पुढे तो नवराच निघून गेला, त्याला ओढा काय करणार.

आई गेल्यापासून ऑरिन डार्लाकडे राहत होता. त्याच्या गोळ्या, त्याचं पथ्य, त्याची चिडचिड, सगळं तिच्या गळ्यात. ती तक्रार करत नसे, पण विसरतही नसे. हिवाळ्यात म्हातारा गोळ्या थुंकून टाकायचा, जेवण ढकलून द्यायचा. मग ती म्हणायची, "ऑगस्टात लेम म्यूलला जायचंय ना, बाबा?" आणि तो मुकाट गोळी घ्यायचा. ओढा विकला तर पुढच्या हिवाळ्यात ती त्याला काय सांगणार होती? ही एकच गोष्ट तिला दिसत होती, आणि तिच्या आड हा टबवाला येऊन उभा राहिला होता.

पहिल्या संध्याकाळी सराव झाला. ऑरिन खुर्चीत बसून शिकवत होता, प्रेस्टन स्वतःच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या परातीशी झुंजत होता.

"परात पाण्याखाली धर. खाली म्हणतोय मी, वर नाही. आता हलव. डावी-उजवी. अरे, टब ढवळतोयस का? मनगटाने हलव. जड असतं ते खाली बसतं, हलकं वर येतं. माणसांत उलटं चालतं, पण वाळूत असंच."

"आणि मग?"

"मग कड जराशी खाली कर आणि पाण्याला त्याचं काम करू दे. हलकी वाळू पाणीच घेऊन जातं. तू फक्त आडवा येऊ नकोस."

लेम म्यूलमध्ये सोन्याचे मोठे खडे सापडत नाहीत. तिथलं सोनं पिठासारखं, चिमटीत न येणारं. आणि असल्या पिठी सोन्याला तेलाचं भारी वावडं. हात तेलकट असले तर ते बुडतच नाही. पाण्यावर तरंगतं आणि परातीच्या कडेवरून गुपचूप निघून जातं. म्हणून आई परातीला हात लावण्याआधी सगळ्यांचे हात भांड्याच्या साबणाने धुवून घ्यायची, आणि दोन थेंब परातीत टाकायची. काठावरच्या आल्डरच्या झाडाच्या फांदीला ती साबणाची निळी बाटली सुतळीने उलटी टांगून ठेवायची. आईनंतर ती बाटली भरायची आणि टांगायची डार्लाने. बाबांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. पण दरवर्षी गाडीतून उतरला की म्हातारा फांदीकडे बघायचा, बाटली टांगली का विचारायचा, आणि हो म्हटलं की टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. म्हणजे आता आलो आपण. डार्लाला त्याच्याकडून मिळणारी शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

प्रेस्टनने त्याच बाटलीने हात धुतले, अर्धी वाळू पायांवर सांडली, आणि तरी शेवटी काळ्या रेतीच्या कडेला दोन पिवळे ठिपके उरले.

"हे तेच का?" त्याचा आवाज चिरकला.

ऑरिनने भिंग डोळ्याला लावलं. मोतीबिंदूने त्याला हल्ली माणसंसुद्धा धूसर दिसायची. बराच वेळ बघून त्याने प्रेस्टनच्या पाठीवर थाप मारली. "तेच आहे, टबवाल्या. उद्या सकाळी माझ्या परातीत काढ, मग बोलू."

थाप चांगली जोरात होती. डार्लाच्या पाठीवर अशी थाप कधी पडल्याचं तिला आठवेना. तिने जेवणाची भांडी इतकी आपटून धुतली, की जोनेल खुर्चीतून म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय तुझं?"

सकाळी डार्ला सगळ्यांच्या आधी उठली. चुलीवर बेकन टाकलं, कॉफी उकळत ठेवली आणि ओढ्यावर जाऊन फांदीवरची बाटली सोडवली. सुतळीची गाठ तिचीच होती, लगेच सुटली. बाटली तिने गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली सरकवली. तिला वाईट वाटत नव्हतं. उलट कित्येक दिवसांनी बरं वाटत होतं.

न्याहारी झाल्यावर प्रेस्टनने चुलीजवळच्या साबणवडीने भांडी घासली, अगदी स्वतःहून. हात स्वच्छ झाले. तेव्हा ती त्याच्याजवळ गेली आणि उन्हाच्या क्रीमची मोठी ट्यूब पुढे केली.

"लावून घ्या. इथलं ऊन फसवं असतं. हातांना नीट लावा, पाण्यात हात लवकर भाजतात."

त्याने मूठभर क्रीम पिळून कोपरापर्यंत चोळलं. नारळाचा वास सुटला. "डार्ला, खरं सांगू?" तो म्हणाला. "जोनेल म्हणाली होती, तुम्ही मला उभं करणार नाही. पण तुम्ही किती काळजी घेता."

"घरचेच ना तुम्ही," डार्ला म्हणाली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

ओढ्यावर ऑरिन आपल्या लोखंडी परातीवर हात फिरवत बसला होता. वर्षानुवर्षं आगीत तापवून काळीनिळी झालेली ती परात. काळ्यावर पिवळं उठून दिसतं.

"हात धुतलेस?" त्याने प्रेस्टनला विचारलं.

"धुतले. साबणाने."

"दोन थेंब टाकलेस का ग, डार्ला?"

"टाकले, बाबा."

म्हाताऱ्याने मान हलवली. तिच्या शब्दावर त्याने कधी शंका घेतली नव्हती, आताही घेतली नाही.

पहिली परात गेली. प्रेस्टन कालच्यापेक्षा बरा हलवत होता, हे डार्लालाही दिसलं. वाळू पातळ झाली, काळी रेती तळाशी आली आणि तिच्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या परातीच्या वेळी तो थांबला.

"पाण्यावर हे पिवळट काय तरंगतंय?"

"पाइनचा पराग," डार्ला म्हणाली. "ओतून द्या."

त्याने ओतून दिला. तिने ते पिवळं कडेवरून जाताना बघितलं; एका खडकापाशी जरा घुटमळलं आणि गेलं. थोडंथोडकं नव्हतं, चांगलं होतं. तिसरी परात त्याने जीव तोडून धुतली. गुडघ्याचे पट्टे सुटून पाण्यात लोंबत होते, तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी ऑरिनने भिंगाने तळ बघितला, पुन्हा बघितला आणि परात खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "तीन झाल्या."

जोनेल ताडकन उठली. "काल निघाला होता ना? तुम्हीच म्हणालात!"

"काल त्याच्या परातीत निघाला. आज माझ्या परातीत नाही निघाला."

"हा तर पोरखेळ झाला. अर्धा वाटा एका भांड्यावर ठरवायचा?"

"मग तू काढायचास," डार्ला म्हणाली. "जन्मभर वेळ होता तुला. एकदा तरी पाण्यात हात घालायचास."

"तू गप्प बस. बापाला घरात ठेवून घेतलंस ते कशासाठी, मला ठाऊक आहे."

"कशासाठी? सांग ना. त्यांची अंथरुणं धुवायला ठेवून घेतलं का? तू आईच्या शेवटच्या आजारपणातही फुलं पाठवलीस नुसती. फुलं! तिला शिंका यायच्या त्या फुलांनी."

जोनेलचा चेहरा पांढरा पडला. ती तरातरा वर गाडीकडे गेली. ऑरिन समोर पाण्याकडे बघत होता, जणू दोघी दुसऱ्याच कुणाच्या पोरी होत्या. डार्लाला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं. जळणासाठी लाकडं आणायला ती रानात गेली, आणि वाटेत एकटीच हसली.

परत आली तेव्हा म्हातारा पाण्यात होता.

दोन वर्षांपूर्वी इथेच पाय घसरून पडल्यापासून तिने त्याला पाण्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. आता तो पोटऱ्यांएवढ्या पाण्यात सपाट दगडावर बसला होता, प्रेस्टनने मागून त्याचे खांदे धरले होते. मांडीवर तीच परात. जोनेलही परत येऊन काठावर हाताची घडी घालून उभी होती.

"कुणी नेलं त्यांना तिथे?" डार्ला ओरडली.

"तेच म्हणाले," प्रेस्टन म्हणाला. "म्हणाले, कसं काढतात ते दाखवतो तुला. काळजी करू नका, मी धरलंय. त्यांच्या हाताला क्रीमसुद्धा लावलं; ते म्हणाले, परातीत डार्लाने थेंब टाकलेत, चालेल. जोनेल म्हणाली, गेल्या वर्षी डॉक्टरांनी हातावरचा डाग काढलाय, ऊन लागता कामा नये."

डार्लाच्या हातातली लाकडं तिथेच पडली.

ऑरिनने आल्डरच्या मुळाखालचं वाळूने भरलेलं शेवाळ ओरबाडून परातीत घेतलं होतं. ती त्याची राखीव जागा. तिथून कधी रिकाम्या हाताने परतला नव्हता तो. आईच्या अंगठीतलं सोनं तिथलं होतं. त्याने परात हलवायला घेतली, आणि म्हाताऱ्याच्या हातांचं थरथरणं थांबलं. चमचा धरताना सांडणारे हात ते. पाण्यात मात्र मनगटं अशी फिरत होती, की प्रेस्टन तोंड उघडं टाकून बघत राहिला. वाळू थराथराने निघून गेली. शेवटी काळी रेती उरली.

त्याने भिंग लावलं. परात उन्हाकडे वळवली. बोटाने रेती पसरली, पुन्हा गोळा केली, पुन्हा पसरली.

"प्रेस्टन, तुला काही दिसतंय?"

"नाही, ऑरिन. फक्त तो पराग होता, तो गेला वाहून."

"आणखी शेवाळ दे."

दुसरी परातही रिकामी निघाली. तिसरी त्याने मागितलीच नाही. परात मांडीवर ठेवून तो आपल्या हातांकडे बघत बसला, वर धरून, उलटे-सुलटे करून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला ते कळत नसावं.

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, हात आहेत," तो म्हणाला. "आता हातही गेले. त्या मुळाखालून मला रंग निघत नाही म्हणजे झालंच सगळं."

"बाबा, असं होतं कधी कधी," जोनेल म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता.

"मला नाही होत." त्याने परात प्रेस्टनकडे दिली. "विकून टाका. दोघींनी मिळून काय ते करा. मला पुन्हा इथे आणू नका. आणि डार्ला, त्या गोळ्याही आता पुरे."

डार्ला काठावर उभी होती. कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. जोनेलला ओढ्याचं काही कळत नव्हतं, प्रेस्टनला आणखी कमी. म्हाताऱ्याने पराग हा शब्द ऐकला होता, पण दुःखात तो त्याच्या कानावरून गेला होता. तिने तोंड मिटून ठेवलं असतं तर ही गोष्ट तिच्याबरोबर गेली असती. नंतर कधीतरी, हात धुवून, मीच नेईन त्यांना परत, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण तो येणार नव्हता. ती ओळखत होती त्याला. एकदा नाही म्हटलं की त्याचं तोंड उघडून गोळी घालणंसुद्धा जमायचं नाही. तिला प्रेस्टनचा राग येत होता, जोनेलचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःची शिसारी आली होती.

"बाबा," ती म्हणाली. "ऑगस्टात पराग नसतो."

म्हाताऱ्याने मान वर केली. मग त्याने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. हात नाकाशी नेला. तिथेच धरून ठेवला.

"बाटली कुठे आहे?"

"गाडीत. हत्यारांच्या पेटीत."

"दोन थेंब टाकले म्हणालीस."

"नव्हते टाकले."

जोनेलच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा ती डार्लाला जे जे बोलली ते सगळं डार्लाने ऐकून घेतलं. त्यात खोटं फारसं नव्हतं. प्रेस्टन आपल्या हातांकडे बघत होता, आणि मग त्याने डार्लाकडे बघितलं. काल संध्याकाळपासून ती ज्या कडवट नजरेची वाट बघत होती, ती आता त्याच्या डोळ्यांत आली होती.

"आण," ऑरिन म्हणाला.

तिने बाटली आणली. ती पाण्यात उतरून त्याच्या हातांवर साबण घालायला वाकली, तर त्याने हात मागे घेतले आणि बाटली प्रेस्टनला दाखवली. प्रेस्टनने आधी स्वतःचे हात धुतले, मग म्हाताऱ्याचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मग परात घासली. डार्ला तिथेच पाण्यात नुसती उभी राहिली.

ह्या खेपेला काळ्या रेतीच्या कडेला पिवळी रेघ उमटली, चांगली नखाएवढी लांब. भिंगाची गरज पडली नाही. ऑरिनने ती बघितली, एक मोठा श्वास सोडला आणि परात पाण्यात पालथी केली.

"आता तू," तो प्रेस्टनला म्हणाला.

"माझ्या तीन झाल्या, ऑरिन."

"तुझी एकही झाली नाही."

प्रेस्टनला पहिल्याच परातीत रंग निघाला. चार ठिपके असतील. तो हसला नाही, ओरडला नाही. परात म्हाताऱ्यापुढे धरून उभा राहिला.

"अर्धा तुमचा," ऑरिन म्हणाला. "विका नाहीतर ठेवा."

"विकणार," जोनेल म्हणाली.

"मी हरकत घेतली नाही. मला फक्त हे बघायचं होतं, की मी अजून काढतो का." मग तो डार्लाकडे वळला. तिच्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला बघत बोलला, त्याला हल्ली तसंच दिसायचं. "तुझं नाव पट्ट्यावर आहे, ते राहील. तू काढलेला रंग खरा होता. पण बाटली आजपासून ह्याच्याकडे."

"बाबा, ती आईची—"

"म्हणूनच."

प्रेस्टनने सुतळी घेतली आणि आल्डरच्या फांदीला बाटली बांधली. गाठ चुकीची होती, शिवाय त्याने बाटली सुलटी टांगली, झाकण वर. वारा आला की ती सुटून पडणार हे उघड होतं. डार्लाचा हात आपोआप वर गेला, आणि तिने तो खाली घेतला.

"टांगली का?" ऑरिनने विचारलं.

"टांगली," प्रेस्टन म्हणाला.

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.